स्पोर्ट्‌स कारच्या ब्रेक-यंत्रणेतील सुधारणा : रस्ता आणि शर्यतीचा ट्रॅक यांच्या भिन्न गरजा

प्रस्तावना :

मोटारीविषयीच्या चर्चेत इंजिनाची शक्ती व कमाल वेग यांना जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे ती थांबविणाऱ्या यंत्रणेला दिले जात नाही. वास्तविक वेग आणि ब्रेक यांचा विकास हातात हात घालून झालेला आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने 1902 मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. मात्र या ब्रेकची उपयुक्तता ठळकपणे सिद्ध झाली ती 1953 मध्ये ल मान्स येथील 24 तासांच्या शर्यतीत. डनलॉपचे डिस्क ब्रेक बसविलेल्या जॅग्वार सी-टाइप मोटारीने ती शर्यत जिंकली. वारंवार ब्रेक लावूनही त्यांची पकड टिकून राहते, हे त्या शर्यतीने दाखवून दिले.

युरोप, अमेरिका व जपान येथे आठवडाभर रस्त्यावर वापरलेली स्पोर्ट्‌स कार सुटीच्या दिवशी ट्रॅकवर नेण्याची प्रथा रूढ आहे. अशा वाहनमालकाचा पहिला कल मोठ्या डिस्क व मोठे कॅलिपर बसविण्याकडे असतो. हा कल शास्त्रीयदृष्ट्या कितपत योग्य आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे :

1) वाहन थांबण्याच्या अंतरातील टायर व ब्रेक यांची भूमिका स्पष्ट करणे.
2) ब्रेकमधील उष्णतेचे स्वरूप व तिचे परिणाम समजून घेणे.
3) रस्ता व ट्रॅक या दोन्ही उपयोगांसाठी सुधारणांचा योग्य क्रम सुचविणे.

टायर आणि थांबण्याचे अंतर :

ब्रेक चाकाला रोखतो; वाहनाला रोखण्याचे काम टायर व रस्ता यांच्यातील घर्षण करते. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या टायरचा घर्षणांक 0.9 मानल्यास ती सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे 44 मीटर अंतरात थांबते. अधिक पकडीच्या टायरमुळे हा अंक 1.1 झाला, तर हेच अंतर सुमारे 36 मीटर होते. मूळचे ब्रेकच चाक जागीच रोखण्याइतके समर्थ असतील, तर त्याहून शक्तिशाली ब्रेक बसवून एका वेळच्या थांबण्याचे अंतर फारसे घटत नाही. त्यासाठी प्रथम चांगले टायर आवश्यक ठरतात.

उष्णतेचा प्रश्न :

मग ब्रेक सुधारण्याची गरज कोठे निर्माण होते? याचे उत्तर गतिज ऊर्जेत आहे. 1000 किलोग्रॅम वस्तुमानाच्या मोटारीची गतिज ऊर्जा ताशी 100 किलोमीटर वेगाला सुमारे 3.86 लाख ज्यूल असते. ताशी 160 किलोमीटरला ती 9.88 लाख ज्यूल होते. ट्रॅकवरील वळणापूर्वी हा वेग 160 वरून 80 वर आणावयाचा झाल्यास सुमारे 7.4 लाख ज्यूल ऊर्जेचे प्रामुख्याने ब्रेकमध्ये उष्णतेत रूपांतर होते.

ब्रेक लावताच वाहनाचा भार पुढील चाकांवर सरकतो. गुरुत्वमध्याची उंची 0.45 मीटर, पुढील व मागील आसांतील अंतर 2.25 मीटर आणि ऋण त्वरण गुरुत्व त्वरणाच्या 0.9 पट मानल्यास एकूण वजनाच्या 18 टक्के भार पुढे जातो. म्हणजे समसमान असलेली विभागणी 68 व 32 टक्के अशी होते. त्यामुळे उष्णतेचा मोठा वाटा पुढील डिस्कवर पडतो. प्रत्येकी 4 किलोग्रॅमच्या दोन बिडाच्या डिस्कना एकूण उष्णतेपैकी 70 टक्के उष्णता मिळाली, तर अशा एकाच ब्रेकमध्ये त्यांचे तापमान सुमारे 140 अंश सेल्सिअसने वाढू शकते. दैनंदिन रस्त्यावर पुढचा ब्रेक लावेपर्यंत डिस्क निवते. ट्रॅकवर मात्र काही सेकंदांतच पुढील वळण येते आणि उष्णता साठत जाते.

या साठलेल्या उष्णतेचे दोन घातक परिणाम संभवतात. पहिला म्हणजे पॅडचा घर्षणांक घटणे. यात पेडल कठीणच लागते, पण वाहन मंदावत नाही. दुसरा म्हणजे ब्रेक ऑइल उकळणे. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच पास्कलच्या नियमानुसार पायाचा दाब कॅलिपरपर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते. परिणामी पेडल तळापर्यंत जाते आणि ब्रेक लागत नाही. लांब घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय न ठेवता खालच्या गिअरचा आधार घ्यावा, हा अनुभवी चालकांचा सल्लाही याच तत्त्वावर आधारलेला आहे.

सुधारणांचा क्रम :

अ) ब्रेक ऑइल : डॉट 3, डॉट 4 व डॉट 5.1 या प्रकारांचे किमान उत्कलनबिंदू नव्या स्थितीत अनुक्रमे 205, 230 व 260 अंश सेल्सिअस असतात. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. सुमारे 3.7 टक्के पाणी मिसळल्यावर हेच किमान बिंदू 140, 155 व 180 अंशांवर येतात. म्हणजेच जुन्या ऑइलवर ट्रॅकवर जाणे सर्वाधिक धोक्याचे असते. ऑइल बदलणे ही सर्वांत स्वस्त व सर्वप्रथम करावयाची सुधारणा होय. सिलिकोनवर आधारित डॉट 5 हा वेगळा प्रकार असून तो वरील प्रकारांत मिसळू नये.

आ) पॅड : रस्त्यावरील पॅड थंड असतानाही पकड घेतात, आवाज कमी करतात व डिस्क कमी झिजवितात. शर्यतीसाठी बनविलेले पॅड उच्च तापमानाला पकड टिकवितात. तथापि त्यांपैकी अनेक पॅड थंड असताना पुरेशी पकड घेत नाहीत. सकाळी घरातून निघालेल्या मोटारीपुढे अचानक लहान मूल आले, तर ट्रॅकवर उत्कृष्ट ठरलेला पॅड तेथे अपुरा पडू शकतो. म्हणून मध्यम तापमानकक्षेचे पॅड वापरणे किंवा ट्रॅकवर पोहोचल्यावर पॅड बदलणे, हे दोन सुरक्षित मार्ग आहेत.

इ) वायुवीजन : पुढील बंपरपासून डिस्कच्या मध्यभागापर्यंत नळीद्वारे हवा नेल्यास डिस्क लवकर निवते. छिद्रे पाडलेल्या डिस्क आकर्षक दिसतात; परंतु तीव्र उष्णतेत छिद्रांभोवती तडे जाण्याचा संभव असतो.

ई) मोठ्या डिस्क व कॅलिपर : वरील उपाय अपुरे पडल्यासच हा टप्पा घ्यावा. मोठ्या डिस्कमध्ये अधिक उष्णता सामावते व तरफेची भुजाही वाढते. मात्र कॅलिपरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ वाढविल्यास मूळ मास्टर सिलिंडरला अधिक ऑइल ढकलावे लागते आणि पेडल खोल जाते. केवळ पुढील ब्रेक मोठे केल्यास पुढील चाके लवकर घसरू लागतात व मागील टायरची पकड वाया जाते. मागील ब्रेक प्रमाणाबाहेर वाढविल्यास वाहन गरकन फिरण्याचा धोका असतो.

1989 मध्ये बाजारात आलेली माझदा एमएक्स-5 ही हलकी मोटार या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तिच्या 1.6 लिटर आवृत्तीत पुढील डिस्कचा व्यास सुमारे 23.5 सेंटिमीटर होता, नंतरच्या 1.8 लिटर आवृत्तीत तो सुमारे 25.5 सेंटिमीटर करण्यात आला व मागील डिस्कही त्याच प्रमाणात वाढविण्यात आली. जुन्या आवृत्तीचे अनेक मालक नव्या आवृत्तीच्या डिस्क व कॅलिपरचे ब्रॅकेट बसवितात. उत्पादकानेच पुढील व मागील ब्रेकचा समतोल ठरविलेला असल्याने ही सुधारणा संयमित व भरवशाची ठरते. याउलट 2001 मध्ये पोर्शे 911 जीटी2 मध्ये आलेल्या कार्बन-सिरॅमिक डिस्क वजनाने बिडाच्या डिस्कच्या सुमारे निम्म्या असल्या, तरी त्यांची किंमत सामान्य वाहनमालकाला परवडणारी नसते.

ट्रॅकवरून परतताना :

शेवटची फेरी ब्रेकचा कमीत कमी वापर करून सावकाश पूर्ण करावी. डिस्क तापलेल्या असताना हँडब्रेक ओढून मोटार उभी करू नये. रस्त्यावर येण्यापूर्वी पॅडची जाडी, डिस्कवरील तडे व पेडलची घट्टता तपासावी. ट्रॅकवर प्रत्येकाने धोका जाणीवपूर्वक पत्करलेला असतो. परतीच्या रस्त्यावरील पादचाऱ्याने तो पत्करलेला नसतो.

निष्कर्ष :

1) थांबण्याचे अंतर मुख्यतः टायरच्या पकडीवर अवलंबून असते, ब्रेकच्या सुधारणेचा प्रमुख हेतू उष्णतेचे नियमन हा असावा.
2) टायर, ऑइल, पॅड, वायुवीजन व त्यानंतर मोठ्या डिस्क असा क्रम कमी खर्चात अधिक लाभ देतो.
3) पुढील व मागील ब्रेकमधील समतोल बिघडविणारी सुधारणा मूळ यंत्रणेपेक्षाही धोकादायक ठरू शकते.
4) दुहेरी उपयोगाच्या मोटारीत थंड अवस्थेतील पकडीचा बळी देऊन ट्रॅकवरील क्षमता मिळविणे समर्थनीय नाही.