उघडता येणाऱ्या लॅपटॉपचं दशक

2025 साल संपता संपता दोन गोष्टी सात आठवड्यांच्या अंतराने घडल्या. 14 ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची देखभाल थांबवली. 3 डिसेंबरला मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने ‘क्रुशियल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी हवी आहे, तिथे पैसा जास्त आहे, त्यामुळे सुट्या रॅमच्या पट्ट्या विकण्यात कंपनीला आता रस उरलेला नाही. पहिल्या घटनेने लाखो धडधाकट लॅपटॉपना ‘जुने’ ठरवलं. दुसरीने, जुन्याला कामाचं ठेवणारा सुटा भाग बाजारात आणणारं एक मोठं नाव नाहीसं केलं. घरोघरी त्यानंतर एकच प्रश्न सुरू झाला: नवा कोणता घ्यायचा? माझं म्हणणं असं की या प्रश्नाआधी दुसरा विचारायला हवा. जुना खरंच संपला आहे, की तो संपला असं कुणीतरी ठरवलं आहे? गेल्या दीड-दोन दशकांकडे मागे वळून पाहिलं तर उत्तर बऱ्याचदा दुसरंच निघतं, आणि ते कळल्याशिवाय नव्याची निवडही धड होत नाही.

सुरुवातीच्या काळावर फार रेंगाळण्यासारखं काही नाही. 1981 चा ऑस्बर्न 1 अकरा किलोच्या आसपास होता, त्याला बॅटरीच नव्हती. 1992 मध्ये आयबीएमचा थिंकपॅड आला, 2005 मध्ये तो धंदा लेनोवोकडे गेला. तोवर आपल्याकडे लॅपटॉप ही साहेबाच्या बॅगेतली वस्तू होती. शिवाय त्या वर्षांत प्रोसेसर इतक्या झपाट्याने बदलत होते की चार वर्षांचं यंत्र खरोखरच म्हातारं होई. नवं सॉफ्टवेअर त्यावर चालतच नसे. तेव्हा नवा लॅपटॉप घेण्यामागे खरं कारण असायचं, एवढं त्या काळाच्या बाजूने सांगावं लागेल.

2008 च्या सुमारास हे कारण लंगडं पडू लागलं. दोन कोअरचा प्रोसेसर असलेलं यंत्र लिहिणं, हिशेब ठेवणं, पत्रव्यवहार करणं, चित्रपट पाहणं यांना पुरून उरत होतं. त्याच वर्षी इंटेलने एक्स25-एम ही एसएसडी बाजारात आणली आणि लॅपटॉप मंद का असतो याचं खरं उत्तर हाती आलं. बहुतेक वेळा दोष प्रोसेसरचा नसे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि अपुरी रॅम या दोन गोष्टी यंत्राला मागे खेचत. आणि नेमक्या याच दोन गोष्टी त्या काळच्या लॅपटॉपमध्ये बदलता येत. यंत्र उलटं केलं की तळाशी छोटी झाकणं दिसत. एकाचा स्क्रू काढला की रॅमचे दोन स्लॉट, दुसऱ्याचा काढला की डिस्कची जागा. बॅटरीला तर स्क्रूही नव्हता. खटका सरकवला की ती हातात यायची. 2011 चे थिंकपॅड टी420 आणि एक्स220, त्याच सुमाराचे डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही सगळी याच घडणीची यंत्रं होती. ती जाड होती, दिसायला ओबडधोबड होती, पण त्यांचं आयुष्य मालकाच्या हातात होतं. चार जीबीची आठ जीबी रॅम केली, डिस्क काढून एसएसडी टाकली, की विंडोज सुरू व्हायला जिथे मिनिटं लागत तिथे काही सेकंद पुरू लागले. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या एका लहानशा हिश्शात पाच-सहा वर्षं वाढून मिळत.

या घडणीवर एक अख्खी बाजारपेठ उभी होती. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एसपी रोड, पुण्यातली बुधवार पेठ. कंपन्या आपले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलत, ते लॉटने या बाजारात येत, तिथे उघडले जात, पुसले जात, दोन बिघडलेल्यांतून एक चालू उभा केला जाई आणि मग तो एखाद्या विद्यार्थ्याच्या, वकिलाच्या, टॅली चालवणाऱ्या दुकानदाराच्या टेबलावर पोचे. ‘चिप लेव्हल रिपेअरिंग’ अशा पाट्या लावलेल्या त्या गाळ्यांत केवळ स्वस्ताई नव्हती. मदरबोर्डवर नेमका कुठला घटक जळला आहे हे मल्टिमीटर लावून शोधण्याचं कसब तिथे एकाच्या हाताखाली दुसरा शिकत होता. मराठी मुद्रणव्यवसायाला तर जुनं यंत्र टिकवण्याची खास निकड होती. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींवर वर्षानुवर्षं जुळवलेला मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटांत अडकलेला होता, आणि हार्डवेअर लॉकवर चालणारं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेलच याची खात्री नसे. पुस्तकाची फाइल ज्या यंत्रावर उघडते ते यंत्र जिवंत ठेवणं हे अशा ठिकाणी कामाचाच भाग होतं.

हे सगळं असताना बाजाराने दुसरी वाट धरली, आणि त्या वाटेबद्दलचा राग इतक्या वर्षांनीही कमी होत नाही. जानेवारी 2008 मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी मॅकबुक एअर पाकिटातून बाहेर काढून दाखवला. त्याची रॅम सोल्डर केलेली होती आणि बॅटरी आतच बंद होती. ते एक महागडं, वेगळं यंत्र म्हणून सोडून देता आलं असतं, पण 2011 मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ हा शब्द काढला आणि ती घडण साऱ्या विंडोज लॅपटॉपांपुढे आदर्श म्हणून ठेवली. 2012 च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी गोंदाने चिकटवलेली होती. यंत्रं उघडून तपासणाऱ्या आयफिक्सिटने त्याला दुरुस्तीसाठी दहापैकी एक गुण दिला. त्याच वर्षीचा रेटिना नसलेला मॅकबुक प्रो मात्र रॅमचे स्लॉट आणि साधी डिस्क घेऊन 2016 पर्यंत विकला जात होता. म्हणजे दोन्ही प्रकार बनवणं शक्य होतं, आणि त्यातला कुठला संपवायचा हे ठरवून झालं. पुढे 2015 पासूनचा बटरफ्लाय कीबोर्ड आला. तळहाताखालच्या आख्ख्या पत्र्याला जोडलेला तो कीबोर्ड धुळीच्या एखाद्या कणाने अडे. अमेरिकेत त्यावरून ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि 2022 मध्ये अॅपलने पाच कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. पातळपणाची किंमत कुणी मोजली याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

आपल्याकडे या लाटेचं रूप आणखी वाईट होतं, कारण महाग लॅपटॉपची निदान बांधणी तरी उत्तम होती. स्वस्त लॅपटॉपांनी पातळपणा उचलला आणि बाकी काहीच दिलं नाही. 32 जीबीची ईएमएमसी साठवण मदरबोर्डवर सोल्डर केलेली, त्यातली बहुतेक जागा विंडोजनेच व्यापलेली, त्यामुळे मोठं अपडेट उतरवायलाही जागा अपुरी. चार जीबी रॅम, तीही कायमची. एसएसडी येऊन दहा वर्षं होत आली तरी मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या डिस्क नव्या लॅपटॉपांत घालून विकल्या जात होत्या. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींसाठी आईवडिलांनी घेतलेले लॅपटॉप अनेकदा याच जातीचे असत. ते विकत घेतल्या दिवशीच दमलेले होते, आणि त्यांना पुढे नेण्याचा कुठलाही मार्ग ठेवलेला नव्हता. परीक्षणं लिहिणाऱ्यांनी तेव्हा मिलिमीटर मोजले, ग्रॅम मोजले, कडेच्या पट्ट्या किती बारीक झाल्या याचं कौतुक केलं. तळाचं झाकण उघडून पाहण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

उघडता येणाऱ्या लॅपटॉपच्या दशकाची अखेर मी 2018 मध्ये मानतो. त्या वर्षी थिंकपॅड टी480 आला. आत एक बॅटरी, मागे दुसरी, आणि मागची यंत्र चालू असतानाच काढून दुसरी लावता येई. रॅमचे दोन्ही स्लॉट मोकळे. पुढच्याच वर्षी आलेल्या टी490 मध्ये बाहेरची बॅटरी गेली, एका स्लॉटच्या जागी सोल्डर केलेली रॅम आली. वजन आणि जाडी थोडी घटली. कामासाठी बनवलेल्या यंत्रांच्या मालिकेतच हे झालं, तेव्हा उघडता येणारा लॅपटॉप हा नियम राहिला नाही, अपवाद झाला.

त्यानंतरची वर्षं भराभर ओलांडता येतील. टाळेबंदीत शाळा-कचेऱ्या घरात आल्या आणि मिळेल तो लॅपटॉप खपला. नोव्हेंबर 2020 मध्ये अॅपलची एम1 चिप आली. तिची वाखाणणी करायलाच हवी. वेग आणि बॅटरी एकाच वेळी इतकी सुधारल्याचं दुसरं उदाहरण या क्षेत्रात मला दिसत नाही. मग ऑक्टोबर 2021 मध्ये विंडोज 11 आलं आणि त्याने एक रेघ ओढली: इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा, टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय हवी. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका कर्मचाऱ्याने जाहीर व्यासपीठावरून विंडोज 10 ही शेवटची विंडोज असल्याचं सांगितलं होतं. त्या भरवशावर घेतलेली यंत्रं रेघेपलीकडे पडली.

याला उत्तर देणारे सुरक्षेचा मुद्दा मांडतात, आणि तो हलका नाही. बँकेचे व्यवहार, आधार, पॅन सगळं ज्या यंत्रावर आहे ते भोकं पडलेल्या प्रणालीवर चालवू नये हे बरोबरच आहे. पण मग रेघ सुरक्षेच्या मापानेच ओढायला हवी होती. जुलै 2016 च्या अखेरीपासून विंडोज 10 सह विकल्या जाणाऱ्या नव्या यंत्रांत टीपीएम 2.0 असावं, अशी अट मायक्रोसॉफ्टनेच घातली होती. सातव्या पिढीचे लॅपटॉप बहुतांशी त्यानंतरचे, त्यामुळे ती सोय त्यांच्यात होती. तरीही ते बाहेर. सातव्या पिढीतला कोअर आय7-7820एचक्यू हा एक प्रोसेसर मात्र निवडक यंत्रांपुरता आत घेतला गेला, आणि त्या यंत्रांत मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सरफेस स्टुडिओ 2 होता. याच पिढीची बाकीची यंत्रं का नकोत, याचं पटेल असं कारण मला सापडत नाही. लिनक्स टाका, असा सल्लाही दिला जातो. वाचन, लेखन, इंटरनेट एवढंच काम असेल तर तो उत्तम आहे. युनिकोड मराठी आणि इन्स्क्रिप्ट कळफलक तिथे व्यवस्थित चालतात. पण ज्याचा हिशेब टॅलीत आहे किंवा ज्याच्या जुन्या फाइली श्रीलिपीत आहेत, त्याची अडचण या सल्ल्याने सुटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: सोल्डर केलेल्या रॅमला तांत्रिक कारण आहे. कमी वीज खाणारी एलपीडीडीआर मेमरी प्रोसेसरच्या अगदी जवळ असावी लागते, जुन्या स्लॉटमध्ये ती बसत नाही. हे खरं आहे, आणि एम1 च्या यशात या जवळिकीचा वाटा आहे. पण हेच शेवटचं उत्तर असतं तर 2024 मध्ये एलपीसीएएमएम2 ही नवी मेमरीपट्टी थिंकपॅड पी1 मध्ये आली नसती. ती एलपीडीडीआरच आहे आणि स्क्रूने निघते. त्याच वर्षी टी14 च्या पाचव्या आवृत्तीत लेनोवोने रॅमचे दोन्ही स्लॉट परत दिले, आणि आयफिक्सिटकडून दहापैकी नऊ गुण मिळाले. निरव पटेल यांच्या फ्रेमवर्क कंपनीने 2021 पासून मदरबोर्डसकट सारं बदलता येईल असे पातळ लॅपटॉप विकून दाखवले. बॅटरी गोंदाने चिकटवण्याला तर वेगाचंही कारण देता येत नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी असावी लागेल. कायदा आला की अभियंत्यांना वाट सापडते.

लोक लॅपटॉप उघडतच नाहीत, मग स्लॉट कशाला, असंही म्हणतात. लोक मिक्सरही उघडत नाहीत. ते तो कोपऱ्यावरच्या दुकानात नेतात, आणि तिथला माणूस उघडू शकतो म्हणून मिक्सर पंधरा वर्षं चालतो. लॅपटॉपच्या बाबतीत तो माणूस आपल्याकडे होता, अजून आहे, पण त्याच्या हातून काम काढून घेतलं जात आहे. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, वर्षअखेरीस पोर्टलही सुरू झालं. फ्रान्समध्ये मात्र 2021 पासून दुकानातल्या लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापावे लागतात. वीज किती खातो याचे तारे फ्रिजवर वाचायची सवय भारतीय ग्राहकाला कधीचीच आहे. लॅपटॉपच्या खोक्यावरही असा आकडा असता, तर आज निवड करणाऱ्याला कळलं असतं की आपण काय विकत घेतो आहोत. लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो वापरताना होत नाही, तो बनवतानाच झालेला असतो, हे कंपन्यांचे स्वतःचे अहवाल सांगतात. यंत्र दोन वर्षं जास्त चालवणं म्हणूनच मोलाचं.

तेव्हा ज्यांना या वर्षी निर्णय घ्यायचाच आहे त्यांनी आधी जुन्याचं झाकण उघडून घ्यावं. आत तबकडीची डिस्क असेल तर एसएसडी टाकावी, बॅटरी फुगली असेल तर ती बदलावी, आणि प्रोसेसर आठव्या पिढीचा असेल तर तो लॅपटॉप सहज विकू नये. नवा घेताना दुकानदाराला प्रोसेसरचं नाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्या: रॅमचा मोकळा स्लॉट आहे का, एसएसडी सुटी निघते का, आणि बॅटरी स्क्रूने बसवली आहे की गोंदाने. रॅम सोल्डर केलेलीच असेल तर आज सोळा जीबीपेक्षा कमी घेऊ नये, कारण ती पुढे वाढवता येणार नाही. स्लॉट असेल तर आठ जीबीवर भागवून मेमरीचे भाव उतरण्याची वाट पाहता येते. आणि बजेट तोकडं असेल तर नव्या कोऱ्या चार जीबीच्या बंद खोक्यापेक्षा आठव्या पिढीचा, दोन स्लॉटचा, कंपनीच्या लॉटमधून आलेला जुना लॅपटॉप बिजागऱ्या आणि कीबोर्ड तपासून खुशाल घ्यावा.