स्वराजद्वीपावरील पाणबुड्यांची शाळा

‘काळे पाणी’ या दोन शब्दांनी मराठी मनात अंदमानाचे जे चित्र उभे राहते, ते सेल्युलर तुरुंगाचे, कोलूचे आणि परत न येणाऱ्या वाटेचे. इतिहासाच्या दृष्टीने ते यथार्थच आहे. परंतु त्या बेटांभोवतीचे पाणी प्रत्यक्षात काळे नाही. डिसेंबर ते एप्रिल या निवांत महिन्यांत ते इतके स्वच्छ असते की, नौकेच्या काठावरून वाकून पाहिले असता आठ-दहा मीटर खोलीवरील तळ नुसत्या डोळ्यांनी दिसावा. ह्या पारदर्शक पाण्यावर आणि त्याखालील प्रवाळांवर आज तेथील एका बेटाचा चरितार्थ बराचसा अवलंबून आहे.

ते बेट म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक. डिसेंबर २०१८ मध्ये त्याचे ‘स्वराजद्वीप’ असे नामकरण झाले. पोर्ट ब्लेअरपासून (सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम्) ईशान्येस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर ते वसलेले आहे. क्षेत्रफळ सुमारे ९२ चौरस किलोमीटर असले तरी त्याचा मोठा भाग अरण्याने व्यापलेला असून, २०११ च्या जनगणनेनुसार वस्ती सहा हजारांहून किंचित अधिक होती. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना १९५० नंतरच्या दशकात येथे जमिनी देण्यात आल्या. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही त्यांच्या गावांची नावे होत. भात, सुपारी व नारळ ही त्यांची पिके. किनाऱ्यांना मात्र गावांप्रमाणे नावे न पडता क्रमांक पडले, आणि ‘तीन नंबर’, ‘पाच नंबर’ असाच त्यांचा उल्लेख आजही होतो. याच पूर्वेकडील किनाऱ्यांवर चालू शतकाच्या प्रारंभापासून पाणबुडीचे शिक्षण देणाऱ्या शाळा निघाल्या.

‘शाळा’ म्हणताच डोळ्यांपुढे येणारी इमारत येथे शोधू नये. नारळीच्या सावलीत एक पत्र्याची किंवा गवताची शाकारणी, भिंतीला टांगलेली रबरी वस्त्रे, गोड्या पाण्याच्या टाक्या, सिलिंडरांच्या रांगा आणि एक फळा, एवढ्यात तिचा संसार आटोपतो. खरा वर्ग समुद्रात भरतो.

शाळेचा दिवस

देशभर एकच प्रमाणवेळ असल्यामुळे अंदमानात घड्याळ आणि सूर्य यांचा मेळ नसतो. पणजीपेक्षा सुमारे सव्वा तास आधी तेथे उजाडते व तितक्याच लवकर मावळते. त्यामुळे शाळेचे काम भल्या पहाटे सुरू होते. नौका भरती-ओहोटीचे कोष्टक पाहूनच निघतात. किनाऱ्यालगत पाणी उथळ असल्याने ओहोटीच्या वेळी ‘डुंगी’ नावाची लहान लाकडी नौकासुद्धा काठाला लागत नाही आणि सिलिंडर खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून चालावे लागते.

या सिलिंडरांत प्राणवायू भरलेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. त्यांत आपण घेतो तीच साधी हवा, गाळून व कोरडी करून, कॉम्प्रेसरच्या साहाय्याने वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने भरलेली असते. अकरा-बारा लिटर मापाच्या सिलिंडरात याप्रमाणे दोन हजार लिटरांहून अधिक हवा मावते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या माणसास ती जवळजवळ दोन तास पुरेल. परंतु पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढत असल्यामुळे दहा मीटर खोलीवर तीच हवा निम्मा वेळ आणि वीस मीटरवर एक-तृतीयांश वेळ पुरते. शालेय पदार्थविज्ञानातील बॉइलचा नियम विद्यार्थ्यास येथे स्वतःच्या छातीत अनुभवावयास मिळतो.

याच नियमातून शाळेचा पहिला दंडक निघतो, तो म्हणजे पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही. दहा मीटरवर भरून घेतलेला श्वास तसाच कोंडून कोणी वर आला, तर फुप्फुसातील हवा दुप्पट होऊ पाहते व फुप्फुसाला इजा होते. खाली जाताना कानांवर येणारा दाब नाक चिमटीत धरून, हळुवार फुंकून उतरवावा लागतो. वर येताना घाई चालत नाही. रक्तात विरघळलेला नत्रवायू सावकाश बाहेर पडावा म्हणून पाच मीटर खोलीवर तीन मिनिटे थांबण्याचा प्रघात आहे. अनेक बुड्या घेतल्यानंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असे सांगितले जाते ते याच कारणाने. परतीच्या तिकिटाची तारीख शिक्षक प्रथम विचारतात, त्याचे नवागतास आश्चर्य वाटते.

पाण्याखाली बोलता येत नाही. सर्व व्यवहार हस्तसंकेतांनी चालतो. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘ठीक आहे’ असा नसून ‘वर चला’ असा होतो, ही गोष्ट नवशिक्यांच्या अंगवळणी पडावयास वेळ लागतो. पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम साधारणतः तीन-चार दिवसांचा असतो आणि तो पुरा करणाऱ्यास १८ मीटर खोलीपर्यंत जोडीदारासह उतरण्याची पात्रता प्राप्त होते.

मात्र या सर्वांहून अवघड व महत्त्वाचा धडा निराळाच आहे. तो म्हणजे पाण्यात अधांतरी स्थिर राहणे. कमरेचे शिसे, अंगातील हवा-भरल्या जाकिटाची फुगवण आणि स्वतःचा श्वास या तिन्हींचा मेळ साधला की माणूस ना बुडतो ना तरंगतो. श्वास घेतला की देह वीतभर वर सरकतो, सोडला की तितकाच खाली येतो. ज्यास हे साधले त्याला हात मारावे लागत नाहीत, पाय झाडावे लागत नाहीत. ज्यास साधले नाही तो आधारासाठी खाली हात टेकतो. आणि तेथे खाली असतो तो प्रवाळ.

दगड नव्हे, जीव

प्रवाळ पाहताच बहुतेकांस तो रंगीत दगड वाटतो. वस्तुतः मोहरीपासून बोटाच्या पेरापर्यंतच्या आकाराच्या असंख्य जीवांची ती वसाहत होय. हे जीव समुद्रजलातील चुना घेऊन आपल्याभोवती कठीण घर बांधतात. त्यांच्या देहात सूक्ष्म शैवाल वास करते. सूर्यप्रकाशात ते अन्न तयार करते व त्याचा मोठा वाटा यजमानास देते. प्रवाळांचे रंगही बव्हंशी या शैवालामुळेच असतात. (आपल्याकडे अंगठीत घालण्यात येणारे तांबडे पोवळे मुख्यत्वे भूमध्य समुद्रातील एका निराळ्याच जातीपासून मिळते. येथील प्रवाळ वाळवला असता पांढरा चुना तेवढा हाती लागतो.)

फांद्यांचा प्रवाळ वर्षाला दहा सेंटीमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतो. गोट्याच्या आकाराचा प्रवाळ जेमतेम एक सेंटीमीटर. म्हणजे पुरुषभर उंचीचा असा एक गोटा आज तेथे उभा असेल, तर १८५८ साली पोर्ट ब्लेअर येथे बंदिवानांची वसाहत स्थापन झाली, त्या सुमारास त्याचा प्रारंभ झाला असला पाहिजे. पायातील रबरी वल्ह्याचा एक फटका फांदी मोडावयास पुरेसा होतो. नुसत्या स्पर्शानेही प्रवाळावरील चिकट संरक्षक आवरण निघून जाते व तेथे रोग शिरतो. तळातील वाळू पायांनी उडवली तर ती प्रवाळावर बसून सूर्यप्रकाश अडवते.

प्रवाळ गेले तर काय बिघडेल, असा प्रश्न गावकऱ्यांनीही एके काळी विचारला असेल. जगाच्या सागरतळाचा शेकडा एकाहूनही कमी भाग प्रवाळांनी व्यापलेला आहे. पण समुद्रातील ज्ञात जातींपैकी सुमारे चतुर्थांश जाती आयुष्याच्या कोणत्या तरी टप्प्यावर त्यांच्या आश्रयास असतात. कोळ्यांच्या जाळ्यात येणारा मासा लहानपणी याच फटींत वाढतो. लाटांचा जोर बांधावर मोडावा तसा प्रवाळभित्तीवर मोडतो आणि किनारा टिकतो. राधानगरच्या ज्या शुभ्र वाळूची छायाचित्रे सर्वत्र छापली जातात, तशा वाळूत प्रवाळांचा व शिंपल्यांचा भुगा मोठ्या प्रमाणात असतो. प्रवाळ कुरतडून त्याची भुकटी मागे टाकणारा पोपटमासाही तीत आपली भर घालतो.

नांगर आणि बोया

एखाद्या नवशिक्याच्या हातून फांदी मोडते. नौकेचा लोखंडी नांगर मात्र एका ओढीत खाटेएवढा तुकडा उपटतो. वारा फिरला की साखळी तळावरून घासत जाते व तिच्या कक्षेत काही शिल्लक राहत नाही. म्हणून जाणत्या तांडेलाची नौका बुडीच्या स्थळी कायम बांधून ठेवलेल्या बोयास दोर लावते. जेथे बोया नसेल तेथे वाळूची जागा पाहून नांगर टाकावा, अथवा इंजिन सावकाश चालू ठेवून पाणबुड्यांच्या बुडबुड्यांमागोमाग नौका न्यावी, असा शिरस्ता आहे. यास इंधन अधिक लागते व तांडेलाला क्षणभरही डोळा मिटता येत नाही. खर्च शाळेचा, लाभ मात्र सर्वांचा. त्यामुळे एकाने नियम पाळला व शेजाऱ्याने मोडला तर तो फार काळ टिकत नाही.

जी. पी. एस. यंत्रे सर्रास वापरात येण्यापूर्वी ही स्थळे शोधून काढण्यात स्थानिक माणसांचा वाटा मोठा होता. १९२५ पासून ब्रह्मदेशातून आणून मध्य अंदमानात वसविलेल्या करेन जमातीचे लोक समुद्रात वाकबगार समजले जातात. प्रारंभीच्या वाटाड्यांत ते होते. ‘जॉनीज गॉर्ज’, ‘डिक्सन्स पिनॅकल’ ही येथील प्रसिद्ध स्थळांची नावे अशाच स्थानिक पाणबुड्यांवरून पडली आहेत. आज बंगाली कुटुंबांतील तरुणही शिक्षक, तांडेल व यंत्रज्ञ म्हणून शाळांत काम करतात. सुपारीच्या बागेत उतरणारा पगार आणि प्रवाळांवर उतरणारा पगार यांतील फरक त्यांना चांगला ठाऊक आहे.

शाळांची इतर कामे संक्षेपाने सांगता येतील. हरवलेली जाळी प्रवाळांत गुंतून मासे व कासवे मारीत राहतात. ती कापून वर आणणे, किनाऱ्यावर वाहून आलेले प्लॅस्टिक गोळा करणे, आणि दर बुडीनंतर खोली, उष्णतामान व दिसलेले जीव यांची नोंद वहीत करणे. पाण्यातून काहीही वर आणावयाचे नाही, मेलेला शिंपलासुद्धा नाही, हा नियम तर कायद्यानेच पक्का केला आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळ, समुद्रकाकड्या, समुद्रघोडे तसेच राक्षसी शिंपल्याच्या काही जाती यांचा समावेश झाला. प्रवाळाचा तुकडा घरातील काचेच्या कपाटात ठेवणे हा त्यामुळे गुन्हा ठरतो.

जे शाळेच्या हाती नाही

एवढे सर्व करूनही एका संकटापुढे शाळा हतबल आहे. नेहमीच्या उन्हाळी कमाल उष्णतामानापेक्षा समुद्र एका अंशाने जरी अधिक तापला आणि तसाच काही आठवडे राहिला, तर प्रवाळ आपल्या देहातील शैवाल बाहेर टाकतात व पांढरेफटक पडतात. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानच्या समुद्रात हे मोठ्या प्रमाणावर घडले. उथळ पाण्यातील फांद्यांच्या प्रवाळांस त्याचा विशेष फटका बसला. २०१६ मध्ये पुन्हा तसे झाले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील चौथ्या विरंजनाची घोषणा केली. ह्या उष्णतेचे मूळ दूरदूरच्या धुराड्यांत आहे. पाच नंबरच्या किनाऱ्यावरील कोणी ते बंद करू शकत नाही.

मग बोया बांधून काय साधते? पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, तो उपाशी असतो. पाणी वेळेत थंड झाले तर शैवाल परत येते व तो सावरतो. मेला तरी त्याच्या सांगाड्यावर नवी पिले बसू शकतात; पण त्यासाठी सांगाडा उभा असावा लागतो, पाणी गाळापासून व सांडपाण्यापासून मुक्त असावे लागते, आणि वाढते गवतासारखे शैवाल चरून टाकणारे मासे शिल्लक असावे लागतात. आजाऱ्याचा ताप आपण उतरवू शकत नसलो तरी त्याच्या अंगावर ओझे टाकू नये, इतके तरी हाती असते. शाळेच्या शिस्तीचे मोल येथे आहे.

आणि ती शिस्त जेथे ढिली पडते तेही सांगितले पाहिजे. तीन-चार दिवस शिकणाऱ्यांपेक्षा, सकाळी येऊन अर्ध्या तासाची ‘चव’ घेणाऱ्या पर्यटकांची संख्या कितीतरी अधिक असते. त्यांना समतोल शिकविण्यास अवधी नसतो. शिक्षक त्यांना सिलिंडरला धरून प्रवाळांवरून नेतो व छायाचित्र काढून परत आणतो. हे सर्व किनाऱ्याजवळच्या उथळ प्रवाळांवर, म्हणजे उष्णतेने आधीच सर्वांत अधिक पोळलेल्या भागावर चालते. चांगल्या शाळा अशांना वाळूच्या पट्ट्यावर उतरवतात आणि एका शिक्षकाकडे एकच माणूस सोपवतात. त्यामुळे दिवसाची मिळकत घटते. हंगामात धक्क्यावर नौका भरून माणसे उतरत असताना हा संयम पाळणे सोपे नाही.

हा प्रश्न दूरच्या बेटापुरता नाही. मालवण येथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, गोव्यात मार्मगोव्याबाहेरील ग्रँड बेटाभोवती आणि मुरुडेश्वरसमोरील नेत्राणी बेटापाशी पर्यटक याच पद्धतीने पाण्यात उतरतात. तेथेही प्रवाळ आहेत. पश्चिम किनाऱ्याचे पाणी नद्यांच्या गाळामुळे गढूळ असल्याने ते अंदमानाइतके डोळ्यांत भरत नाहीत, आणि म्हणूनच त्यांवर नांगर पडला तरी वरून कोणास दिसत नाही. अशा सहलीस जाणाऱ्या शिक्षकांनी व पालकांनी नौका ठरविताना भाड्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: नौका कशास बांधणार, आणि एका शिक्षकाबरोबर किती मुले उतरणार.

मे महिन्याच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे अंदमानात पोहोचतात. समुद्र खवळतो, पाणी गढूळते आणि स्वराजद्वीपावरील शाळांत शुकशुकाट होतो. कॉम्प्रेसर उघडून साफ केले जातात, रेग्युलेटरांतील रबरी चकत्या बदलल्या जातात, नौका वर ओढून त्यांना डांबर व रंग लावतात. पावसाळा सरता सरता पाणी निवळू लागले की शिक्षक विद्यार्थ्यांविना खाली उतरतात. बोयांच्या साखळ्या व दोर यांची झीज पाहावयाची असते, तुटलेले बदलावयाचे असतात. आणि मागील हंगामातील वही बरोबर घेऊन कोणता प्रवाळ सावरला व कोणता गेला, हेही पाहून यावयाचे असते.