तोट्यातले टपाल कार्यालय बंद करायचे, हे कोणी ठरवायचे?

एखाद्या खेड्यातील टपाल कार्यालय बंद करण्याचा प्रस्ताव पुढे येतो, तेव्हा टपाल खात्याचे म्हणणे बहुधा एका वाक्याचे असते : हे कार्यालय तोट्यात चालते. गावकऱ्यांचे म्हणणेही ठरलेले असते. आमची गैरसोय होईल, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हाल होतील, वर्षानुवर्षांची सोय मोडू नका. निवेदन दिले जाते, ते स्वीकारल्याचे छायाचित्र निघते आणि विषय बहुधा तेथेच थांबतो. गावाची बाजू निवेदनापलीकडे नेऊन कायद्याच्या आणि हिशेबाच्या भाषेत कशी मांडता येते, याचा मोठा अनुभव अमेरिकेतील खेड्यांनी 2011 आणि 2012 या दोन वर्षांत घेतला. त्यात त्यांना बरेच काही मिळाले आणि काही निसटलेही. जगातील सर्वांत मोठे टपाल जाळे आपल्या देशात आहे आणि त्यातील दहापैकी सुमारे नऊ कार्यालये ग्रामीण भागात आहेत. त्यामुळे हा अनुभव आपणही तपासून पाहावा असाच आहे.

26 जुलै 2011 रोजी अमेरिकेच्या टपाल सेवेने सुमारे 3,650 टपाल कार्यालयांची यादी जाहीर केली. ही कार्यालये बंद करता येतील काय, याचा केवळ अभ्यास होणार असल्याचे सांगण्यात आले. परंतु यादीत नाव आले म्हणजे निकाल लागला, असाच अर्थ गावोगावी घेतला गेला. यादीतील बहुसंख्य, म्हणजे 2,800 च्या आसपास कार्यालये अगदी लहान होती. त्यांचे वार्षिक उत्पन्न 27,500 डॉलरहून कमी होते आणि पोस्टमास्तरला दिवसाकाठी दोन तास पुरेल एवढेही काम तेथे नव्हते. टपालाचा ओघ आटत चालला होता, हेही नाकारण्यासारखे नव्हते. 2006 मध्ये 213 अब्ज नगांपर्यंत गेलेले टपाल 2011 मध्ये 168 अब्जांवर आले होते.

मात्र तोट्याचे हे एकच कारण नव्हते. 2006 मध्ये अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्याने टपाल सेवेवर एक विलक्षण बोजा टाकला होता. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या भविष्यातील आरोग्यखर्चाची तरतूद म्हणून दरवर्षी सुमारे साडेपाच अब्ज डॉलर आधीच बाजूला काढून ठेवायचे, असे ते बंधन होते. 2010 या आर्थिक वर्षात टपाल सेवेला झालेल्या साडेआठ अब्ज डॉलरच्या तोट्यातील साडेपाच अब्ज या एकाच बाबीचे होते. हे बंधन अखेर एप्रिल 2022 मध्ये काढून टाकण्यात आले. यादीतील सगळ्या कार्यालयांना कुलूप ठोकून किती पैसे वाचणार होते? टपाल सेवेच्याच अंदाजानुसार वर्षाला सुमारे 20 कोटी डॉलर. तिचा एकूण वार्षिक खर्च तेव्हा 70 अब्ज डॉलरच्या घरात होता. म्हणजे शंभर रुपये खर्च करणाऱ्या घराने तीस पैशांहूनही कमी वाचवण्यासाठी चूल बंद करावी, असा हा प्रकार होता. खेड्यांच्या विरोधाला पहिले बळ मिळाले ते या गणिताने.

दुसरे बळ कायद्याचे होते. अमेरिकेच्या टपाल कायद्यात एक स्पष्ट तरतूद आहे : लहान टपाल कार्यालय केवळ तोट्यात चालते, या एका कारणासाठी बंद करता येणार नाही. जेथे टपाल कार्यालये स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाहीत, अशा ग्रामीण भागांना आणि लहान गावांना परिणामकारक व नियमित सेवा देणे हे टपाल सेवेचे कर्तव्यच ठरवण्यात आले आहे. या तरतुदीला नुसत्या सदिच्छेचे स्वरूप राहू नये, म्हणून बंद करण्याची पद्धतही कायद्यानेच आखून दिली. किमान 60 दिवस आधी गावाला सूचना द्यायची. गावावर होणारा परिणाम, कर्मचाऱ्यांवर होणारा परिणाम आणि प्रत्यक्ष होणारी बचत या सर्वांचा विचार करून निर्णय लेखी, कारणांसह प्रसिद्ध करायचा. त्यानंतरही आणखी 60 दिवस दार बंद करायचे नाही. त्या कार्यालयाची सेवा घेणाऱ्या कोणाही व्यक्तीला 30 दिवसांत टपाल नियामक आयोगाकडे अपील करता येते आणि आयोगाला 120 दिवसांत निकाल द्यावा लागतो. वकील नेमण्याची गरज नाही; साधे पत्रही चालते. आयोग टपाल सेवेचा निर्णय बदलू शकत नाही, पण तो मनमानी असेल, पद्धत पाळलेली नसेल किंवा पुराव्यावर आधारलेला नसेल, तर फेरविचारासाठी परत पाठवू शकतो.

ही पद्धत उपलब्ध असल्यामुळे गावांच्या विरोधाचा सूरच बदलला. टपाल सेवेने बोलावलेल्या सभांमध्ये आणि प्रश्नावल्यांच्या उत्तरांमध्ये लोकांनी आठवणी सांगितल्या, त्याबरोबर मैलही मोजून दाखवले. पुढचे कार्यालय किती दूर आहे, हिवाळ्यात बर्फ पडल्यावर तो रस्ता किती दिवस बंद असतो, गाडी न चालवणारी वृद्ध माणसे गावात किती आहेत, हे त्यांनी लिहून दिले. अनेक लहान गावांत टपाल घरपोच येत नाही. ते कार्यालयातील पेटीतून आणावे लागते. तेथे कार्यालय गेले की औषधेही गेली, कारण माजी सैनिकांसह असंख्य रुग्णांची औषधे टपालानेच येतात. कोंबडीची एक दिवसाची पिलेसुद्धा तेथे टपालाने मागवली जातात, हे आपल्याकडील वाचकाला गमतीचे वाटेल. पण कुक्कुटपालन करणाऱ्या कुटुंबाला ती पिले वेळेत हाती पडणे हा धंद्याचा प्रश्न असतो. ओरेगॉन आणि वॉशिंग्टनसारख्या राज्यांत तर मतदानही टपालाने होते आणि 2012 हे अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष होते.

गावाच्या ओळखीच्या मुद्द्यावर टपाल सेवेचे उत्तर ठरलेले असे. कार्यालय गेले तरी पत्त्यात गावाचे नाव कायम ठेवू, असे आश्वासन ती देत असे. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच होते. पण ज्या वस्तीत शाळा आधीच मोठ्या गावात विलीन झाली, किराणा दुकान बंद पडले, तेथे दिवसातून एकदा माणसे एकमेकांना भेटतात ती जागा टपाल कार्यालय हीच असते, आणि पत्त्यातल्या नावाने त्याची भरपाई होत नाही.

विरोधाचा सर्वांत धारदार भाग होता तो बचतीचा हिशेब उलगडण्याचा. बंद करण्याच्या प्रस्तावात पोस्टमास्तरचा पूर्ण पगार आणि भत्ते बचत म्हणून धरले जात. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पोस्टमास्तर केव्हाच निवृत्त झालेला असे आणि काम त्याहून बऱ्याच कमी वेतनावरचा हंगामी माणूस पाहत असे. जो पगार दिलाच जात नव्हता, तो वाचणार कसा, हा प्रश्न अपिलांमध्ये वारंवार उपस्थित झाला आणि आयोगाच्या तत्कालीन अध्यक्ष रूथ गोल्डवे यांनीही आपल्या भिन्नमत पत्रिकांमध्ये तो उचलून धरला. अर्थात अपील केले म्हणजे जिंकलेच, असे झाले नाही. अनेक अपिलांत टपाल सेवेचाच निर्णय कायम राहिला. काही प्रकरणांत आयोगाची मते 2-2 अशी समसमान पडली आणि बहुमत न झाल्याने मूळ निर्णय तसाच राहिला.

कायद्याची लढाई अशी अर्धीमुर्धी चालू असताना राजकीय दबाव कामी आला. ग्रामीण राज्यांतील सिनेटरांनी आग्रह धरल्यानंतर 13 डिसेंबर 2011 रोजी टपाल सेवेने 15 मे 2012 पर्यंत एकही कार्यालय बंद न करण्याचे मान्य केले. ती मुदत संपण्यास आठवडाही उरला नसताना, 9 मे रोजी, पोस्टमास्टर जनरल पॅट्रिक डोनाहो यांनी नवी योजना मांडली. कार्यालये सरसकट बंद करण्याऐवजी सुमारे 13,000 ग्रामीण कार्यालयांची वेळ दिवसाला दोन, चार किंवा सहा तासांवर आणायची, असे ठरले. गावातील दुकानदाराकडे टपालाचे काही काम सोपवणे, ग्रामीण पोस्टमनच्या फेरीवर अवलंबून राहणे किंवा शेजारच्या कार्यालयात जाणे हे पर्यायही लोकांसमोर ठेवण्यात आले. बहुतेक गावांनी कमी वेळ पत्करला. विशेष म्हणजे या योजनेतून अपेक्षित असलेली बचत वर्षाला सुमारे 50 कोटी डॉलर, म्हणजे कार्यालये बंद करून होणार होती तिच्या अडीचपट होती. हाच मार्ग आधी का सुचला नाही, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

हा विजय निर्भेळ मात्र नव्हता. पूर्णवेळ पोस्टमास्तरांच्या जागा गेल्या. शिवाय एक आडवाट उघडीच राहिली. जागेचा भाडेकरार संपला, पोस्टमास्तर निवृत्त झाला आणि दुसरा मिळाला नाही, इमारत नादुरुस्त झाली, अशा कारणांनी कार्यालय तात्पुरते स्थगित करण्याचा अधिकार टपाल सेवेला आहे. स्थगित कार्यालय कायद्याच्या दृष्टीने बंद नसते. त्यामुळे सूचना, लेखी निर्णय, अपील हे काहीच लागू होत नाही. अशी शेकडो कार्यालये वर्षानुवर्षे तात्पुरती स्थगित राहिली आणि नियामक आयोगाला त्याबद्दल टपाल सेवेकडे पुनःपुन्हा विचारणा करावी लागली.

आपल्याकडे वळायचे तर ही आडवाटच अधिक ओळखीची वाटावी. स्वातंत्र्याच्या वेळी देशात 23,344 टपाल कार्यालये होती. 2023 मध्ये ती 1 लाख 64 हजारांहून अधिक होती. या वाढीतला मोठा वाटा शाखा टपाल कार्यालयांचा आहे आणि ती चालवतो ग्रामीण डाक सेवक. हा पूर्णवेळ सरकारी नोकर नव्हे. दिवसाला चार किंवा पाच तासांच्या कामासाठी त्याला भत्ता मिळतो. 2018 च्या सुधारणेत शाखा डाकपालासाठी तो किमान 12,000 आणि 14,500 रुपये असा ठरला. कार्यालयासाठी जागा मात्र त्यानेच द्यायची असते. गावातील पोस्ट म्हणजे पुष्कळदा एखाद्या घराची ओसरी किंवा पुढची खोली असते, ती यामुळेच. हा सेवक 65 व्या वर्षी निवृत्त झाला, की त्याच्याबरोबर ओसरीही निवृत्त होते. नवी नेमणूक लांबली तर कार्यभार शेजारच्या गावातील सेवकाकडे जातो, दार थोडाच वेळ उघडते, लोक बचत खाती दुसरीकडे हलवतात आणि मग उत्पन्न घटल्याचा आकडा कागदावर येतो. गावाने विरोध करायचा तरी कशाला? बंद करण्याचा आदेशच निघालेला नसतो.

कायद्याची स्थिती याहून विरळ आहे. 1898 चा जुना कायदा रद्द करून आणलेला टपाल कार्यालय अधिनियम 2023 हा 18 जून 2024 पासून लागू झाला. हा कायदा अगदी आटोपशीर आहे. एखादे कार्यालय बंद करण्यापूर्वी गावाला सूचना द्यावी, त्याचे म्हणणे ऐकावे, अपिलाची सोय असावी, अशी तरतूद त्यात नाही. परंतु तोट्याबाबत खात्याची स्वतःची भूमिका काय आहे, हे शाखा कार्यालये उघडण्याच्या निकषांत स्पष्ट दिसते. सर्वसाधारण ग्रामीण भागात गावांच्या समूहाची लोकसंख्या 3,000 हवी, जवळचे कार्यालय किमान 3 किलोमीटर दूर हवे आणि अपेक्षित उत्पन्न खर्चाच्या किमान एक तृतीयांश हवे. डोंगराळ, आदिवासी, वाळवंटी आणि दुर्गम भागांत एका गावासाठी 500 किंवा समूहासाठी 1,000 लोकसंख्या आणि खर्चाच्या 15 टक्के उत्पन्न पुरेसे मानले जाते. याचा सरळ अर्थ असा, की खेड्यातील कार्यालय तोट्यात चालणार, हे खात्याने गृहीतच धरले आहे. शंभर रुपये खर्च करून गडचिरोलीतील एखादे पोस्ट पंधरा रुपये मिळवत असेल, तर खात्याच्याच मोजपट्टीने ते उत्तीर्ण आहे.

शहरातील वाचकाला पोस्टाची आठवण आता क्वचित येते. गिरणीच्या मुंबईतून कोकणात दरमहा जाणाऱ्या मनीऑर्डरींवर घरेच्या घरे चालत, तो काळ मागे पडला. पण ज्या गावात बँकेची शाखा नाही तेथे बचत खाते, आवर्ती ठेव, मुलीच्या नावाचे सुकन्या समृद्धी खाते, 1995 पासून चालू असलेला ग्रामीण टपाल आयुर्विमा आणि सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झालेल्या पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत अंगठा लावून काढता येणारे पैसे हे सारे त्याच ओसरीवर मिळते. मोबाइलवर पैसे पाठवता येतात, हे खरे. पण निवृत्तिवेतनाची रोख रक्कम हाती हवी असलेल्या, फोन न वापरणाऱ्या वृद्धेसाठी पाच किलोमीटरवरचे पोस्ट म्हणजे एक दिवसाची पायपीट किंवा रिक्षाचे भाडे असते आणि हे भाडे खात्याच्या बचतीच्या रकान्यात कुठेच दिसत नाही.

अपिलाची सोय नसली तरी हिशेब मागण्याची सोय आहे. ग्रामसभेचा ठराव विभागाच्या डाक अधीक्षकांकडे पाठवता येतो, डाक अदालतीत गाऱ्हाणे मांडता येते, खासदारांमार्फत प्रश्न विचारता येतो. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच टपाल परिमंडळ असल्याने वरचा पत्रव्यवहार दोन्ही राज्यांतील गावांना मुंबईतील मुख्य पोस्टमास्टर जनरलांकडेच करावा लागतो. या सर्वांच्या आधी माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचे शुल्क भरून एक अर्ज करणे उपयोगाचे ठरेल. या कार्यालयाचे गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न किती आणि खर्च किती. डाक सेवकाची जागा कोणत्या तारखेपासून रिक्त आहे. त्या काळात कार्यालय रोज किती तास उघडे होते. कार्यालय हलवल्यास वाचणाऱ्या रकमेत न भरलेल्या जागेचा भत्ता धरला आहे काय. नव्या कार्यालयाचे अंतर रस्त्याने मोजले आहे की नकाशावर सरळ रेषेत? उत्तर देण्यास माहिती अधिकाऱ्याला 30 दिवसांची मुदत असते.