मास्कमध्ये पाणी शिरतं तेव्हा

तारकर्ली-मालवणच्या समुद्रात पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्याला बोटीवर धास्ती असते खोलीची. पाण्याखाली मात्र त्याचा धीर सुटतो तो बहुधा मास्कमध्ये शिरलेल्या चमचाभर पाण्याने. मग तो पट्टा करकचून आवळतो आणि गळती आणखी वाढते.

मुळात मास्क हवा कशाला? डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम कॉर्निया करतो, आणि तेही समोर हवा असते म्हणून. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, कॉर्नियाचा १.३८ च्या आसपास. पाणी थेट डोळ्याला भिडलं की हा फरक जवळजवळ मिटतो आणि सगळं धूसर होतं. मास्क डोळ्यांपुढे हवेचा कप्पा धरून ठेवतो.

गळतीचं एक मोठं कारण याच कप्प्यात आहे. खाली उतरताना बाहेरचा दाब वाढतो. आतला दाब मागे पडतो आणि जिथे फट मिळेल तिथून पाणी आत येतं. पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो. तीसवरून चाळीस मीटरवर जाताना तो फक्त पावपट वाढतो. म्हणजे हौशी पर्यटक ज्या उथळ पाण्यात उतरतात, तिथेच हा बदल सर्वांत तीव्र असतो! उपाय एकच: उतरताना नाकातून थोडी थोडी हवा मास्कमध्ये सोडत राहायची. स्कूबाच्या मास्कमध्ये नाक झाकलेलं असतं ते याचसाठी. पोहण्याचा गॉगल इथे चालत नाही. नवखा माणूस सवयीने नाकातून श्वास आत ओढतो, आतला दाब आणखी घटतो आणि पाणी येतं.

दुसरं कारण चेहरा. सिलिकॉनची मऊ कड त्वचेला सपाट टेकली की बाहेरचं पाणीच तिला दाबून धरतं. पट्ट्याचं काम मास्क जागेवर ठेवण्यापुरतं. तो जास्त ताणला की कड वेडीवाकडी होते. केसांची एक बट, दाट मिशी किंवा हसताना गालावर पडणारी घडी एवढंही पाण्याला पुरतं. मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवावा, वर पाहावं आणि कड सगळीकडे टेकते का ते तपासावं.

तरी पाणी आलंच, तर मास्कची वरची कड बोटांनी दाबायची, मान किंचित वर करायची, तोंडाने श्वास घेऊन नाकातून सावकाश सोडायचा. हवा वर साठते आणि पाणी खालच्या कडेने बाहेर पडतं. टाकीतली हवा तोंडाशी पुरवणारा रेग्युलेटर भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतो, त्यामुळे खोलवरही बहुधा एखाद-दुसरा श्वास पुरतो.

खरी अडचण शरीराची आहे. नाकाभोवती पाणी लागताच श्वास रोखला जाणं ही उपजत प्रतिक्रिया आहे. अशा वेळी श्वास कोंडून कुणी वर झेपावलं, तर दाब घटताच फुफ्फुसातली हवा फुगते आणि काही मीटरच्या खोलीवरूनही गंभीर इजा होऊ शकते. म्हणून बोटीवरच्या तोंडी सूचना मला अपुऱ्या वाटतात. खोल पाण्याआधी उभं राहता येईल अशा पाण्यात मास्क मुद्दाम भरून रिकामा करण्याचा सराव प्रत्येकाला मिळायलाच हवा, आणि पर्यटकाने तो हक्काने मागावा. मास्कमध्ये पाणी आल्याचं सांगणारी खूणही तिथेच घोटून घ्यावी: पंजा आडवा डुलवायचा, मग मास्ककडे बोट दाखवायचं. अंगठा वर करायचा नाही. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो.