युरोपीय सत्तांच्या बदलत्या मैत्र्या आणि आपला इतिहास

बुटीबोरीहून वर्धा मार्गाने नागपुरात शिरले की सीताबर्डीची टेकडी लागते. नोव्हेंबर १८१७ मध्ये येथे नागपूरकर भोसल्यांची फौज ईस्ट इंडिया कंपनीपुढे पराभूत झाली. इंग्रज इतक्या दूरवरून येऊन जिंकले कसे, असा प्रश्न आमचे विद्यार्थी नेहमी विचारतात. तोफा आणि कवायती फौज हे त्याचे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. उरलेले उत्तर अठराव्या शतकातील तहनाम्यांत सापडते.

त्या शतकातील युरोपात मैत्री ही हिशेबाची बाब होती. ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धात (१७४०-४८) इंग्लंड ऑस्ट्रियाच्या, तर फ्रान्स प्रशियाच्या बाजूने लढला. १७५६ मध्ये जोड्या उलटल्या. इंग्लंडने प्रशियाचा हात धरला आणि फ्रान्स आपल्या जुन्या वैऱ्याशी, ऑस्ट्रियाशी, जाऊन मिळाला. इंग्लंड आणि फ्रान्स यांचे वैर मात्र कायम राहिले, कारण त्याच्या मुळाशी व्यापार आणि वसाहती होत्या.

हाच हिशेब कोकणातही चालला. युरोपात पोर्तुगाल हा इंग्लंडचा जुना मित्र. १७२१ मध्ये दोघांनी मिळून आंग्र्यांच्या कुलाब्यावर चाल केली. बाजीराव पेशवे आंग्र्यांच्या मदतीस आले, तेव्हा पोर्तुगीजांनी परस्पर तह केला आणि इंग्रज हात चोळत राहिले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला, त्या वेळी मुंबईकर इंग्रजांनी पोर्तुगीजांना थोडेसे कर्ज दिले, तेही तारण घेऊन. वसई पडताच काही आठवड्यांत त्यांनी पेशव्यांशी तह केला. पुढे १७७४ मध्ये पोर्तुगीज आरमार वसई-साष्टी परत घ्यायला येत असल्याची वार्ता आली, तेव्हा या ‘मित्रा’च्या आधी पोहोचण्यासाठी इंग्रजांनी घाईने ठाण्याचा किल्ला घेतला.

आपल्याकडील सत्ताधीशही हाच डाव खेळले. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचे आरमार जळाले. विजयदुर्गावर आलेले वॉटसन आणि क्लाइव्ह मुळात फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमेसाठी पाठवलेले होते. पुढच्याच वर्षी क्लाइव्हने प्लासी जिंकली. घरातील प्रतिस्पर्धी नमला, परंतु पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकणारे एक आरमारही त्याबरोबर संपले.

नागपूरची कथा याहून वेगळी नाही. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच प्रतिनिधी पुण्यात आला आणि नाना फडणीस त्याच्याशी बोलणी करू लागले, तेव्हा इंग्रज धास्तावले. १७८० मध्ये पुणे दरबार, निजाम, हैदर अली आणि मुधोजी भोसले यांनी इंग्रजांविरुद्ध एकजूट ठरवली. त्यानुसार भोसल्यांची फौज कटकपर्यंत गेलीही. पण वॉरन हेस्टिंग्जने द्रव्य देऊन तिला वळवले आणि बंगालवर हल्ला झालाच नाही. १७८२ च्या साल्बाईच्या तहात, पोर्तुगीजांच्या जुन्या वखारी वगळता अन्य युरोपीयांना पेशव्यांच्या मुलखात वखार घालू द्यायची नाही, असे कलम आले. फ्रेंचांसाठी दार बंद झाले. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले लढत असता होळकर अलिप्त राहिले. आडगावच्या पराभवानंतर देवगावच्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख गेला. सीताबर्डीला अजून चौदा वर्षे होती, परंतु निकालाची दिशा ठरून गेली होती.

शब्द इंग्रजांनीही मोडले, आपल्या दरबारांनीही मोडले. फरक एवढाच की गव्हर्नर बदलले तरी कंपनीचे हित तेच राहत असे. येथे प्रत्येक घराणे स्वतःपुरते पाहत होते. आणि रयत? साष्टीतील शेतकऱ्याने चाळीस वर्षांच्या आत पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज असे तीन धनी पाहिले. एकाही तहात त्याला कोणी विचारले नाही. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्याने राज्य कोणाचे याची चिंता का करावी? आमच्या मते पराभवाचे हे कारण तोफांइतकेच मोठे आहे. पाठ्यपुस्तकात मात्र त्याला क्वचितच जागा मिळते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हीच वेदना मांडली. देशाचे स्वातंत्र्य पूर्वी आपल्याच लोकांच्या फितुरीने गेले, ते पुन्हा जाईल काय, असे त्यांनी विचारले. जाती आणि पंथ देशाहून मोठे मानले तर ते पुन्हा धोक्यात येईल, हा त्यांचा इशारा होता.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे की, तहाचे वर्ष पाठ करून थांबू नका. त्यात लाभ कोणाचा झाला आणि विचारले कोणाला गेले नाही, हेही शोधा. इतिहासाचा अभ्यास तेथून सुरू होतो.