रत्नागिरीत एक पंधरवडा

— द्वितीय वर्ष कला

रत्नागिरी म्हटले की कोणाच्याही डोळ्यांपुढे हापूस आंबा उभा राहतो. ज्यांचे वाचन थोडे अधिक आहे त्यांना लोकमान्य टिळकांचे जन्मघर आठवते. आमच्या माण तालुक्यात मात्र रत्नागिरी म्हणजे ‘जिथं लई पाऊस पडतो ते गाव’. माझी मावशी तेथे दिली आहे. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आहेत. दरवर्षी आषाढात तिचा फोन आला की वडील पहिला प्रश्न विचारतात, “पाऊस हाय का?” आणि ती हसते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे पंधरा दिवस राहिलो. सहलीला म्हणून नव्हे. आमच्या शेतात दोन बोअर कोरड्या गेल्या आहेत. तिसरी मारायची की जमीन वाट्याने देऊन घरादारासकट कोठेतरी जायचे, असा विचार घरात चालू होता. “जिथं पाणी तिथं काम. जा, बघून ये,” असे वडील म्हणाले. त्यामुळे माझ्याजवळ दिवस भरपूर होते आणि पैसे बेताचे. नवे गाव पाहण्यास याहून चांगली स्थिती नाही, असे माझे मत झाले आहे.

पाडव्याला निघालो. कऱ्हाड, मलकापूर, आंबा घाट करीत रात्री पोहोचलो. भाऊबीजेच्या सकाळी आठ वाजता एकटाच मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. खरे सांगायचे तर थोडी निराशाच झाली. काळसर वाळूचा मोठा पट्टा, त्यापलीकडे बरेच दूर पाणी. मी त्या ओल्या वाळूवरून आत चालत गेलो, पाय बुडवले आणि परत आलो. जेवणानंतर मावसभाऊ म्हणाला, चल पुन्हा जाऊ. गेलो तर सकाळी मी जेथून चाललो होतो तेथे माणूस बुडेल इतके पाणी होते! मला वाटले आपण दुसरीकडेच आलो. मावसभाऊ हसून हसून बेजार झाला. घरी मावशी म्हणाली, “आरं, त्यो रोज दोनदा जातुया आन् दोनदा येतुया. तुझ्यासारखा सुट्टीला आल्यागत.”

भरतीओहोटी भूगोलात सर्वांनीच वाचलेली असते. मीही वाचली होती, गुणही मिळवले होते. पण तिचे वेळापत्रक मला शेजारच्या एका वृद्ध खारवी आजोबांनी शिकवले. तिथीला पाऊणने गुणायचे, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. द्वितीया असेल तर दीड वाजता, पंचमीला पावणेचारला, अष्टमीला सहाला, दशमीला साडेसातला, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दुपारचा आकडा तोच रात्रीचा, आणि त्याच्या आधी किंवा नंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास हा त्याचा ढोबळ हिशेब. थोडेफार इकडे तिकडे होते; पण आजोबांना घड्याळ लागत नाही, दिनदर्शिकेवरची तिथी पुरते.

शिवाय रोजचे पाणी सारखे चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. त्या वेळी पाणी फार वर चढते आणि फार खालीही जाते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा ना धड भरती, ना धड ओहोटी. याला भांगाची भरती म्हणतात. अमावास्येच्या उधाणापासून पौर्णिमेच्या उधाणापर्यंत एक फेरा पुरा व्हायला पंधरवडा लागतो. दोन दिवसांत ‘भगवती किल्ला, थिबा राजवाडा, मांडवी, गणपतीपुळे’ उरकून जाणाऱ्या मंडळींना या फेऱ्यातला एक तुकडा दिसतो. मी नेमका पाडव्यापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहिलो, हा निव्वळ योगायोग.

या गणिताचा उपयोग कोणाला, हे भाट्याच्या खाडीवर कळले. ओहोटीला खडक उघडे पडले की बायका कोयती आणि भांडे घेऊन कालवे काढायला उतरतात. (आमच्याकडे कालवा म्हणजे पाण्याचा पाट, ज्याची आम्ही वर्षानुवर्षे वाट पाहिली. इथे तो शिंपल्यात राहणारा जीव. मावशीने ‘आज कालवं आणलीत’ म्हटले तेव्हा मी क्षणभर चक्रावलो होतो.) उधाणाच्या दिवसांत खडक खूप उघडे पडतात, पण ओहोटी येते भल्या पहाटे किंवा तिन्हीसांजेला. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, ऊन डोक्यावर, आणि पाणी पुरते हटतही नाही, म्हणून भांडे भरत नाही. स्वयंपाक, मुलांची शाळा, बाजार हे सारे या बायकांना रोज पाऊण तास पुढे ढकलावे लागते. कारखान्याच्या भोंग्याहून हा भोंगा अवघड वाटतो.

मिरकरवाडा बंदरावर मी पाच-सहा वेळा तरी गेलो. होडी लागली की टोपल्या उतरतात, लिलाव पुकारला जातो आणि बांगडा, सुरमई, म्हाकूल, कोळंबी पाहता पाहता बर्फात जाते. बोली इतकी भरभर चालते की कोणी कितीला घेतले हे मला एकदाही समजले नाही. खारवी आणि मुसलमान मच्छीमारांचा हा पिढीजात धंदा. पण होड्यांवरच्या खलाशांत नेपाळी पुष्कळ आहेत. ज्यांच्या देशाला समुद्रच नाही ते येथे येऊन जाळी ओढतात, आणि कोकणातला मुलगा मुंबईला जातो! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा हे लोक डोंगरात आपल्या घरी जातात. काकांच्या ओळखीचे एक गृहस्थ बर्फाच्या कारखान्यात आहेत. त्यांच्याशी माझ्या कामाविषयी बोलणे झाले ते याच धक्क्यावर.

रत्नदुर्गावरून हे बंदर फार सुरेख दिसते. किल्ला घोड्याच्या नालेसारखा, तिन्ही बाजूंनी समुद्र, वर भगवतीचे देऊळ. यापेक्षा अधिक वर्णन करीत नाही, कारण छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. मला थांबावेसे वाटले ते थिबा राजवाड्यात. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. तिरप्या छपरांचा हा राजवाडा तयार झाला १९१० साली. तोवर चोवीस वर्षे तो दुसऱ्या बंगल्यांत राहिला होता. नवीन वास्तूत सहा वर्षे काढून डिसेंबर १९१६ मध्ये वारला. दिल्लीचा शेवटचा बादशहा रंगूनला पुरला गेला आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा रत्नागिरीत. राजवाड्याजवळच्या कड्यावरून भाट्याची खाडी दिसते. मी हिशेब केला : तीस वर्षांत सुमारे सव्वासातशे पंधरवडे! त्याची थोरली मुलगी १९१९ नंतर ब्रह्मदेशातून पुन्हा येथेच परतली आणि १९४७ साली येथेच वारली. राजाला जे गाव तुरुंग होते ते तिला घर वाटले असेल काय? संग्रहालयात याचे उत्तर नाही.

सावरकरही १९२४ पासून १९३७ पर्यंत या गावी स्थानबद्ध होते. त्यांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने १९३१ साली उभे राहिलेले पतितपावन मंदिर सर्व जातींना खुले होते. मी तेथे बराच वेळ बसलो. माझ्या आजोबांना गावच्या देवळाची पायरी चढता येत नव्हती, एवढेच सांगतो.

आसपासची गावे एस.टी.ने पाहिली. आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे. तेथे देवाला प्रदक्षिणा घालायची तर सबंध टेकडीलाच घालावी लागते. पुढे मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर व स्मारक आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी अवश्य जावे. पण सर्वांत अधिक शिकलो तो उक्षीच्या वाटेवर. पॅसेंजर गाडी साडेसहा किलोमीटरांच्या करबुडे बोगद्यातून निघते आणि उक्षीला थांबते. वर सड्यावर, उघड्या कातळावर कोणे एके काळी माणसाने कोरलेला मोठा हत्ती आहे. अशा कातळशिल्पांच्या कोकण-गोव्यातील नऊ जागा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. हत्ती पाहून झाल्यावर तहान लागली म्हणून एका घरी पाणी मागितले. बाईंनी तांब्या दिला आणि म्हणाल्या, “आता मिळतंय. चैत्रात आला असतात तर विचार करावा लागला असता.”

मी चकित झालो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आमच्याकडे पाचशेच्या आतबाहेर. सहापट! तरीही उन्हाळ्यात काही वाड्यांना टँकर लागतो. कारण पायाखालचा जांभा दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो, म्हणून घराला चिरे उत्तम. पण तो सच्छिद्र. पडलेले पाणी काही वरून वाहून जाते, काही दगडातून झिरपून झऱ्यांवाटे उतरते आणि चार-सहा महिन्यांत सगळे समुद्राला मिळते. वर माती नाही, उतार तीव्र, समुद्र जवळ. हापूसची कलमेसुद्धा पुष्कळ ठिकाणी कातळ फोडून, खड्ड्यात बाहेरची माती भरून लावली आहेत. वाटेवर कुलूप लावलेली घरे मोजली, अकरा भरली. माणसे मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येतात.

त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी घरी परतलो. वडिलांनी विचारले, “पाणी हाय का?” मी सड्यावरचे सगळे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजी सहापट पडून बी टँकरच? मग हितला टँकर काय वाईट?” आई हसली, पण ते हसत नव्हते. गावच्या ओढ्यावरचा बांध किती पाणी धरतो हे त्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले. तिसऱ्या बोअरचा विचार मात्र अजून सोडलेला नाही.

परीक्षा संपली की मे महिन्यात मी बर्फाच्या कारखान्यात कामाला जाणार आहे, होड्या बंद होईपर्यंत. मावशीने येताना ज्वारीचे पीठ आणायला सांगितले आहे, दहा किलो. तिकडचे पीठ तिला बावीस वर्षांत आवडलेले नाही.