चहा प्यायलेलं कुंपण

बागेतली छोटी रेल्वे खरी वाटते ती इंजिनापेक्षा रुळांकडेच्या कुंपणामुळे. जर्मनीच्या लेमान कंपनीने १९६८ साली आणलेल्या एलजीबी गाड्यांचं प्रमाण १:२२.५. म्हणजे सव्वा मीटरचं कुंपण इथे जेमतेम साडेपाच सेंटिमीटर! कॉफी ढवळायची ६ मिलिमीटरची लाकडी पट्टी या जगात साडेतेरा सेंटिमीटर रुंदीची फळी होते.

रंग मात्र डब्यातला नको.

उघड्यावरचं लाकूड करडं पडतं, कारण उन्हातले अतिनील किरण त्यातलं लिग्निन मोडतात आणि पाऊस ते धुऊन नेतो. तशीच छटा घरी झटपट साधते. साधे लोखंडी खिळे काही दिवस व्हिनेगरमध्ये भिजवावेत. पट्ट्या बहुधा बर्चच्या, टॅनिन कमी असलेल्या. म्हणून त्यांना आधी कडक चहा पाजावा, वाळवावं, मग खिळ्यांचं हे व्हिनेगर फासावं. लोह आणि टॅनिन भेटताच लाकूड काळपट करडं होतं.

खिळे भिजवलेल्या बरणीचं झाकण घट्ट लावू नका. आत हायड्रोजन तयार होत असतो.